पाश्चात्य कलेचा इतिहास आणि तेरची पांढरी

चित्रकलेच्या किंवा कलाशाखेच्या पदवीसाठी घर सोडून निघालेल्या, कळंब, भूम, परंडा वा तुळजापूर तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्यापुढे ‘पाश्चात्य कलेचा इतिहास’ हा विषय प्रथम उभा राहतो, तेव्हा तो बहुधा नावांच्या आणि सनांच्या एका लांबलचक फेरिस्तीच्या रूपाने उभा राहतो. ग्रीक, रोमन, बायझंटाइन, रोमनेस्क, गॉथिक, रनेसाँस, बरोक आणि त्यानंतर एकोणिसाव्या शतकापासून एकामागून एक येणारे नाना वाद अशी ती फेरिस्त असते. तिच्यातील एकही मंदिर त्याने पाहिलेले नसते, एकाही शिल्पाभोवती तो फिरलेला नसतो, आणि म्हणून जे डोळ्यांनी शिकावयाचे ते तो कानांनी शिकतो व उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळा होतो. या विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाचा आरंभ अथेन्सपासून न करता तेरपासून करावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. स्वदेशाभिमानाच्या भरात केलेली ही सूचना नव्हे. पाश्चात्य कलेच्या इतिहासातील एक अस्सल आणि अद्याप पुरता न सुटलेला प्रश्न धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीतच पडून आहे, आणि तो सोडवू पाहणाऱ्यास त्या शास्त्राची जवळजवळ सगळी हत्यारे हाती घ्यावी लागतात, एवढेच त्या सूचनेमागील कारण आहे.

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर आज संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि जेथे एका कुंभाराने चिखल तुडवता तुडवता विठ्ठलाचे नाम घेतले तेथील मातीने प्राचीन मृत्तिकाशिल्पांचा एवढा साठा आपल्या पोटात जपून ठेवावा, हा योगायोग मनाला सुखावणारा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कोणा अनाम ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर ही फार मोठी नगरी असल्याची नोंद आहे; पैठणचे गोमेद आणि तगरचे जाडेभरडे व तलम असे विविध कापड गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोचला नेले जाई, असाही तपशील त्यात सापडतो. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. पुढे कोकण आणि कोल्हापूर येथील शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत, त्यावरून या नगरीची कीर्ती तिच्या वैभवानंतरही कित्येक शतके टिकून होती हे उघड होते. असे असूनही तगर म्हणजे नेमके कोणते स्थळ याविषयी एकोणिसाव्या शतकातील विद्वानांत एकमत नव्हते. कोणी देवगिरीचे नाव घेई, कोणी जुन्नरचे, कोणी धारूरचे. अखेर १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे निजामाच्या मुलुखातील तेर असा निर्णय दिला, आणि त्यानंतर लवकरच हेन्री कझन्स यांनी प्रत्यक्ष गावी येऊन तेथील विटांच्या प्राचीन मंदिराची व सभोवारच्या टेकाडांची पाहणी केली.

या टेकाडांना गावकरी ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांची माती, राख आणि चुना एकावर एक साचून जी फिकट भुसभुशीत जमीन तयार होते ती पांढरी. शेतकरी ती खत म्हणून खणून नेत, आणि पावसाळ्यात पाण्याच्या लोटांबरोबर तिच्यातून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. सरकारी पुराणवस्तुखात्याची नजर तिकडे नीटशी वळण्यापूर्वी या वस्तूंचे मोल ज्यांनी ओळखले ते तेरचे एक रहिवासी होते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून व शिवारातून मिळणाऱ्या या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, जपल्या, आणि आज त्यांच्या नावाने तेरमध्ये उभे असलेले शासकीय वस्तुसंग्रहालय हे त्या एकट्या माणसाच्या व्यासंगाचे फळ आहे. विद्यापीठाची कोणतीही सनद पाठीशी नसताना त्यांनी केलेले काम पाहिले म्हणजे मला नेहमी वाटते की, कलेच्या इतिहासाचे पहिले कर्तव्य जे वस्तू जतन करणे, ते या गृहस्थाने आमच्या कित्येक पंडितांहून अधिक निष्ठेने पार पाडले. पुढे १९५८ साली चापेकर यांनी तेरला शास्त्रीय उत्खनन केले, १९६० साली ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी तेरवर लिहिलेली स्वतंत्र पुस्तिका मुंबईत प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतरही वेळोवेळी येथे उत्खनने होत राहिली.

लामतुरे संग्रहातील ज्या वस्तूने तेरचे नाव युरोपातील अभ्यासकांच्या तोंडी नेले, ती म्हणजे एक लहानशी हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. हिच्याकडे जगाचे लक्ष जाण्याचे कारण तेरपासून हजारो मैलांवर, इटलीतील पाँपेई येथे घडले होते. इसवी सन ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पाँपेई नगर राखेखाली गाडले गेले, हे सर्वश्रुत आहे. १९३८ साली त्या नगरातील एका घराच्या उत्खननात अमेदेओ माइउरी यांना सुमारे चोवीस सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्या अंगावर कमरपट्टा, हातभर बांगड्या आणि पायात जाडजूड वाळे एवढेच काय ते आच्छादन होते, दोन्ही बाजूंस प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दोन लहान दासी उभ्या होत्या, आणि पाहताक्षणीच ती भारतीय आहे हे कोणाच्याही ध्यानात यावे अशी तिची घडण होती. आरंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी किंवा केवळ एक शृंगारनायिका मानतात. तिच्या मस्तकात वरून खोल छिद्र पाडलेले असल्यामुळे ती स्वतंत्र मूर्ती नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा वा तिवईचा पाया असावी, असा तर्क पुढे आला.

या मूर्तीने कलेच्या इतिहासाला जी देणगी दिली तिचे महत्त्व सामान्य वाचकाला चटकन जाणवत नाही, म्हणून त्याचा थोडा खुलासा करतो. प्राचीन भारतीय शिल्पांवर तारीख क्वचितच कोरलेली असते. त्यांचा काळ शैलीवरून, लेखांच्या अक्षरवटिकेवरून, थरांवरून अनुमानाने ठरवावा लागतो, आणि असे अनुमान पन्नास काय, शंभर-दीडशे वर्षांनीही मागेपुढे सरकू शकते. पाँपेईच्या राखेत सापडलेली वस्तू मात्र इसवी सन ७९ नंतरची असणे सर्वथा अशक्य. एका ज्वालामुखीने येथे कालगणनेची पलीकडची हद्द कायमची आखून दिली आहे, आणि त्यामुळे या मूर्तीशी शैलीने जवळ असणारी प्रत्येक भारतीय मूर्ती त्या हद्दीच्या आधाराने आपला काळ सांगू लागते. तेरची प्रतिमा आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३-७४ च्या उत्खननात मिळालेली खंडित हस्तिदंती प्रतिमा या दोन्ही पाँपेईच्या मूर्तीच्या आप्त आहेत. त्यांतही भोकरदनचे साम्य अधिक जवळचे मानले जाते.

मग पाँपेईची मूर्ती आमच्या मराठवाड्यात कोरली गेली काय? येथेच विद्यार्थ्याच्या विवेकाची खरी कसोटी लागते, कारण ‘होय’ म्हणण्याचा मोह अनावर आहे. तगरचे कापड भडोचमार्गे रोमला जात होते, तेव्हा त्याच गाडीतून हस्तिदंताची मूठही गेली असेल, हे म्हणणे सरळ आणि सुखद वाटते. परंतु मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडील, गांधार प्रदेशाची लिपी. दख्खनच्या सातवाहनांच्या मुलुखात ब्राह्मी चाले. अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे फ्रेंच संशोधकांना १९३७ ते १९३९ या काळात भारतीय हस्तिदंती कोरीवकामाचा मोठा साठा मिळाला, तोही वायव्येकडे बोट दाखवतो. उलट सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंतकारांनी हे काम केले असा लेख आहे, म्हणजे मध्य भारतातही या कारागिरांची श्रेणी नांदत होती. शिवाय ते एकाकी अक्षर कोरणाऱ्याचे की वाटेवरच्या व्यापाऱ्याचे, की सुटे भाग जुळवण्यासाठी केलेली एखादी खूण, हेही सांगणे सोपे नाही. शैली दख्खनकडे ओढते, लिपी वायव्येकडे. आणि या ओढाताणीत कोणत्या पुराव्यास किती वजन द्यावयाचे हे ठरवण्याची जी शिस्त, तिलाच विद्यापीठीय अर्थाने कलेचा इतिहास म्हणतात. ही शिस्त ज्याला तेरच्या प्रतिमेवर साधली त्याला ती लिओनार्दोच्या एखाद्या संशयित चित्रावरही साधेल, याबद्दल मला शंका नाही.

एक गोष्ट आणखी. पाँपेईची ही मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयात ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात ठेवलेली आहे. पाँपेई आणि हर्क्युलेनियम येथे निघालेल्या ज्या वस्तू शृंगारिक म्हणून सभ्य दृष्टीआड कराव्यात असे पूर्वीच्या अधिकाऱ्यांना वाटले, त्यांच्यासाठी ते दालन निर्माण झाले. सांचीच्या किंवा कार्ल्याच्या शिल्पांशी परिचय असणाऱ्या भारतीय प्रेक्षकाला या मूर्तीच्या अनावृत देहात मांगल्य, सुबत्ता आणि प्रसाधनाचा सोहळा दिसतो. नेपल्सच्या दप्तरात ती वेगळ्या सदराखाली नोंदली गेली. वस्तुसंग्रहालयाचे कोणते दालन एखाद्या वस्तूच्या वाट्याला येते, हाही तिच्या अर्थाचा एक भाग ठरतो.

आता या शास्त्राच्या स्वतःच्या घडणीकडे वळू. जॉर्जो व्हाझारी यांनी १५५० साली इटालियन चित्रकार, मूर्तिकार आणि वास्तुशिल्पी यांची चरित्रे लिहिली, तेथून या अभ्यासाचा प्रारंभ सांगण्याची वहिवाट आहे. परंतु कलाकारांच्या चरित्रांऐवजी खुद्द कलेचा, तिच्या उदयाचा, परिपक्वतेचा आणि ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याचे श्रेय योहान योआखिम विंकेलमान या जर्मन पंडिताकडे जाते. त्याचा ‘प्राचीन कलेचा इतिहास’ १७६४ साली प्रसिद्ध झाला. ग्रीक शिल्पाच्या सौंदर्याची सर्व युरोपला दीक्षा देणाऱ्या या मनुष्याने ग्रीसमध्ये कधी पाऊल ठेवले नव्हते. रोममध्ये राहून, बहुतांशी रोमन काळातील प्रतिकृतींवरून त्याने ग्रीक कलेचे चित्र उभे केले, आणि हर्क्युलेनियमच्या उत्खननावर त्याने लिहिलेल्या पत्राने तेथील वस्तूंकडे युरोपाचे डोळे वळवले. पुढच्या शतकात हा विषय विद्यापीठांत शिरला. ग्योटिंगेन येथे १८१३ साली फिओरिल्लो यांना कलेतिहासाचे अध्यापकपद मिळाले, १८४४ साली बर्लिनला ते निर्माण झाले, ऑक्सफर्डमध्ये १८६९ साली रस्किन यांची नेमणूक झाली, लंडनची कोर्टोल्ड संस्था मात्र १९३२ पर्यंत थांबली. जोवानी मोरेल्ली हा वैद्यकाचे शिक्षण घेतलेला इटालियन गृहस्थ चित्रातील कानाच्या पाळ्या आणि नखे पाहून चित्रकार ओळखावयास शिकवू लागला, कारण चेहरा काढताना चित्रकार सावध असतो, नख काढताना त्याचा हात सवयीने चालतो. आणि हाइन्रिख व्हल्फ्लिन यांनी वर्गात अंधार करून पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवण्याची जी रीत रूढ केली, तिच्यामुळे तुलना हीच या विषयाची प्रमुख अध्यापनपद्धती होऊन बसली. तेर आणि पाँपेई यांची जोडी त्या पडद्यावर मांडण्यास किती योग्य आहे हे आता निराळे सांगावयास नको.

विंकेलमानने पेटवलेली ही प्राचीनांची ओढ मुंबईपर्यंत येऊन पोहोचली. १८३३ साली पुरा झालेला मुंबईचा टाउन हॉल आपल्या डोरिक स्तंभांनिशी उभा आहे तो त्याच ओढीमुळे, आणि १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून सुरू झालेल्या कलाशाळेत ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून विद्यार्थ्यांकडून रेखाटने करून घेतली जात तीही त्याच ओढीने. मूळ कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर त्याच शाळेत शिकले, तेथेच अध्यापक झाले, आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात त्यांनी त्या काळाची हकीकत मराठीत लिहून ठेवली आहे. पाश्चात्य कला मराठी माणसाच्या हातात कशी उतरली हे जाणू इच्छिणाऱ्याने ती वाचावीच.

या संस्काराला काहींनी परकीयांची गुलामगिरी म्हटले. तो आरोप सरसकट मला मान्य नाही. गणपतराव म्हात्रे यांनी कलाशाळेच्या दिवसांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ पाहावी. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेल्या त्या मराठी तरुणीच्या नऊवारीच्या निऱ्या ग्रीक शिल्पातील वस्त्राच्या चुण्यांचा अभ्यास केलेल्या हाताने कोरल्या आहेत, आणि तरीही तिचे पाऊल, मान, लाजरी सावधता ही सगळी आमच्या आळीतली आहे. साचा परका असला तरी पाहणे स्वतःचे असू शकते. उलट जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवल्या, हे फार मोठे काम होते. पण अजिंठ्याचे मोल सांगताना त्यांना फ्लॉरेन्सचे रेखांकन आणि व्हेनिसचा रंग ही मापे हाताशी घ्यावीशी वाटली, यात मात्र त्या शिक्षणाची मर्यादा दिसते. जेम्स फर्ग्युसन यांनीही कार्ल्याच्या चैत्यगृहाचे वर्णन ख्रिस्ती देवालयाच्या परिभाषेत केले आणि त्याची तुलना इंग्लंडमधील नॉर्विच येथील कॅथीड्रलशी केली. युरोपीय वाचकास कार्ले समजावे म्हणून ते योग्यच होते. आमच्या विद्यार्थ्याने हाच रस्ता उलट दिशेने चालावा: तेरचे त्रिविक्रम मंदिर, ज्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार असून जे मूळचे विटांचे बौद्ध चैत्यगृह असावे असे मानतात, ते आधी नीट पाहावे, त्यातील मार्गक्रमण, प्रकाश आणि पूज्य वस्तूचे स्थान ध्यानात घ्यावे, आणि मग रोमन बॅसिलिका व तिच्यापासून निघालेले ख्रिस्ती प्रार्थनागृह यांच्या आराखड्याकडे वळावे. दोहोंचे टोक अर्धवर्तुळाकार आहे. पण एका ठिकाणी त्या अर्धवर्तुळात स्तूप असून भक्त त्याला प्रदक्षिणा घालतो, तर दुसऱ्या ठिकाणी तेथे प्रथम न्यायाधीशाचे आसन व नंतर वेदी असून भक्त तिच्याकडे तोंड करून उभा राहतो. रूप सारखे, पण त्यामागचा आचार सर्वस्वी निराळा. हे एकदा पायांनी चालून कळले की आराखड्यांची पाठांतरे करावी लागत नाहीत.

प्रतिकृती हा पाश्चात्य कलेच्या इतिहासातील एक गहन विषय आहे, आणि तोही आपल्याकडच्या वस्तूंनी उत्तम समजतो. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदनगार यांना धातूच्या वस्तूंचा एक साठा मिळाला, आणि पुढे लगेच डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकलिया व दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. त्या साठ्यात समुद्रदेव पोसायडन याची एक छोटी कांस्यमूर्ती आहे. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळते. तिचे मूळ रूप इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील लिसिपस या ग्रीक शिल्पकारापर्यंत नेले जाते. लिसिपसची मूळ कांस्ये काळाच्या उदरात गडप झाली. उरल्या त्या रोमन प्रतिकृती, आणि त्यांतली एक करवीरनगरीत. तेरला तर याहून मनोहर प्रकार घडलेला दिसतो. रोमन नाण्यांवरील सम्राटाचा मुखवटा पाहून तसली मातीची पदके येथे घडवली गेली आणि गळ्यात घालण्यासाठी त्यांना भोक वा कडी ठेवली गेली. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते त्याने मातीचे मिरवले असावे. याच काळात तेरच्या मूर्तिकारांनी पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक पोकळ मूर्ती दुहेरी साच्यात काढावयास आरंभ केला, म्हणजे पुढची व मागची बाजू निरनिराळ्या साच्यांतून काढून ती जोडावयाची, ज्यायोगे मूर्ती वजनाला हलकी होते, भाजताना तडकत नाही आणि चहूबाजूंनी पाहता येते. हे तंत्र रोमन जगाच्या संपर्कातून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्या साच्यातून निघालेले चेहरे, केशरचना आणि अलंकार संपूर्णतया सातवाहनकालीन दख्खनचे आहेत. उसने घेणे आणि आपले करणे यांतील फरक पुस्तकाच्या पानापेक्षा तेरच्या संग्रहालयाच्या कपाटासमोर लवकर उमजतो.

तंत्राचा विषय निघाला म्हणून आणखी एक प्रकरण सांगतो, कारण ज्या निजामाच्या नावावरून धाराशिव जिल्ह्याला पुढे उस्मानाबाद म्हणू लागले त्या मीर उस्मान अली खान यांच्या अमदानीतील ते आहे. अजिंठा तेव्हा त्यांच्या संस्थानात. १९१४ साली स्थापन झालेल्या संस्थानच्या पुराणवस्तुखात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, १९२० नंतर लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना भिंतीवरील चित्रांच्या दुरुस्तीसाठी बोलावण्यात आले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा धरवला, आणि पुष्कळ चित्रे त्यामुळे वाचली. मात्र चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले, आणि ते काढण्याचे कष्ट पुढच्या पिढ्यांच्या वाट्यास आले. इटलीतील खरे फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवले जाते व रंग गिलाव्यातच बांधला जातो. अजिंठ्याची चित्रे कोरड्या पृष्ठभागावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. जोत्तोच्या पादुआ येथील चित्रांविषयी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभा करून सांगितला, तर फ्रेस्को म्हणजे काय हे त्याला पुन्हा विचारावे लागणार नाही.

हे सारे शिकावयाचे कोठे? या विषयाला विद्यापीठीय प्रतिष्ठा देण्याचे काम आमच्या बाजूस प्रथम बडोद्याने केले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून गादीवर आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९४ साली वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी केली, पुढे इंग्रज समीक्षक स्पीलमन यांच्या सल्ल्याने युरोपीय चित्रांचा संग्रह जमवला, आणि १९२१ साली ते चित्रदालन लोकांना खुले झाले. म्हणजे मराठी वाचकाला गाडीने गाठता येईल अशा अंतरावर मूळ युरोपीय तैलचित्रे शंभर वर्षांपासून आहेत. त्या संग्रहालयाची धुरा काही काळ हेर्मान ग्योट्झ या जर्मन पंडिताने वाहिली, आणि १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा निघाली तेव्हा कुंचला हाती धरणाऱ्यांच्या शेजारीच कलेतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांचे वर्ग भरू लागले. नारायण श्रीधर बेंद्रे तेथे चित्रकला शिकवीत, आणि ज्यांच्या ‘किमया’ने वास्तूकडे पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली ते माधव आचवल त्याच विद्यापीठात वास्तुकला शिकवीत. मुंबईत जे. जे. कलाशाळेची परंपरा आहे, आणि तिच्या जोडीला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा कुटुंबाने दिलेली युरोपीय चित्रे आहेत. २०२३ च्या डिसेंबरात त्याच संग्रहालयाने भारत, ईजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे एका दालनात शेजारी शेजारी मांडली होती. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय व १९५८ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे, आणि त्या विद्यापीठाचे उपकेंद्र खुद्द धाराशिवला आहे. तेथून तेर एका सकाळीत पाहून परतता येते.

अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार मजकडे असता तर पहिल्या वर्षी मी सर्व युरोपचा धावता फेरफटका बंद केला असता आणि विद्यार्थ्याला एकच वस्तू दिली असती. तिचे माप घे, तिचे सर्व बाजूंनी रेखाटन कर, कोणत्या हत्याराने कोरली ते भिंगातून पाहा, तुटलेला भाग कसा होता याचा तर्क लिही, ती कोठे, कोणाला, कोणत्या थरात सापडली याची नोंद शोध, तिच्यासारख्या दुसऱ्या वस्तू जगात कोठे आहेत ते काढ, आणि मग तिच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यातील मतभेदांची निष्पक्ष कैफियत मांड, असे त्याला सांगितले असते. वर्षअखेरीस त्याला किती सन पाठ आहेत याची चौकशीही केली नसती.

या कामाला भाषा लागतात, आणि येथे आमची तयारी अपुरी पडते. पाँपेईच्या मूर्तीवर माइउरी यांनी लिहिलेला पहिला लेख इटालियन भाषेत आहे, बेग्रामच्या साठ्याचे वृत्तान्त फ्रेंचमध्ये, विंकेलमान आणि व्हल्फ्लिन जर्मनमध्ये, तेरच्या उत्खननाचा अहवाल इंग्रजीत. आणि पांढरीच्या कोणत्या टेकाडात कोणत्या प्रकारची वस्तू निघत असे याची माहिती तेरच्या वडीलधाऱ्यांच्या मराठीत आहे. नेपल्सची मूर्ती आणि तेरची प्रतिमा या दोहोंच्या कोरीवकामातील हत्याराच्या खुणा, छिद्रांची घडण आणि हस्तिदंताचा पोत यांची समोरासमोर तपासणी ज्याला करावयाची आहे त्याला इटालियन तर वाचता आलेच पाहिजे, पण तेरच्या पारावर बसून जुन्या माणसांशी बोलताही आले पाहिजे. धाराशिवच्या विद्यार्थ्याला यातील दुसरी गोष्ट जन्मतः येते, आणि इटालियन दोन वर्षांच्या नेटाने शिकता येते.